विसर्जन दिव्यांच्या बिघाडाची पूर्वसूचना आणि दिवा-व्होल्टेजचे निरीक्षण : एक चिकित्सक विचार

सारांश

विसर्जन दिव्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज वेळोवेळी मोजून दिवा निकामी होण्यापूर्वीच बदलता येतो, असे विधान प्रकाश-अभियांत्रिकीत वारंवार केले जाते. उच्च-दाब सोडियम दिव्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र पारा-बाष्प दिवा, मेटल हॅलाइड दिवा आणि फ्लुओरेसेंट नळी यांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रस्तुत निबंधात या पद्धतीमागील भौतिक तत्त्व, तिचे बलस्थान, मापनातील अडचणी आणि मर्यादा यांची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : विसर्जन दिवा, दिवा-व्होल्टेज, पारदमेल, चोक, पुनःप्रज्वलन, पूर्वसूचना.

प्रस्तावना

तारेच्या दिव्याचे मरण सरळ असते. तार तुटते आणि दिवा विझतो. विसर्जन दिव्याचे तसे नाही. तो हळूहळू थकतो, अडखळतो, विझून पुन्हा पेटतो आणि जाता जाता चोक व इग्नायटर यांनाही निकामी करतो. रस्त्यावरील खांबावर हे घडते तेव्हा दिव्याच्या किमतीपेक्षा शिडीची गाडी, कामगारांचा वेळ आणि दरम्यानच्या काळोखाची किंमत अधिक ठरते. त्यामुळे बिघाडाची चाहूल आधी लागावी ही अपेक्षा रास्त आहे. दिवा-व्होल्टेज ही राशी या अपेक्षेला सर्वांत सोयीची वाटते, कारण ती दिवा न उतरवता, तो चालू असतानाच मोजता येते. मात्र मोजण्यास सोपी राशी हवे तेच सांगते असे नाही. प्रस्तुत चिकित्सेचा रोख याच मुद्द्यावर आहे.

पद्धतीमागील तत्त्व

विसर्जन दिव्यात प्रवाह वायूमधून किंवा बाष्पामधून वाहतो. प्रवाह वाढला की अशा विसर्जनाचा रोध घटतो; म्हणून प्रवाहाला आवर घालण्यासाठी चोक एकसरीत जोडावा लागतो. पुरवठ्याचे व्होल्टेज चोक आणि दिवा यांच्यात विभागले जाते. दिव्याच्या वाट्याला किती यावे हे बाष्पाचा दाब, बाष्पातील घटकांचे प्रमाण, दोन इलेक्ट्रोडांमधील अंतर आणि इलेक्ट्रोडांची उत्सर्जनक्षमता यांवर ठरते. म्हणजेच दिवा-व्होल्टेज ही एकच संख्या चार निरनिराळ्या कारणांची बेरीज असते. ती बदलली म्हणजे आत काहीतरी बदलले एवढे निश्चित. काय बदलले हे त्या संख्येवरून आपोआप कळत नाही. पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचे मूळ येथे आहे.

सोडियम दिवा : पद्धतीचे बलस्थान

उच्च-दाब सोडियम दिव्याची विसर्जन-नळी अर्धपारदर्शक ॲल्युमिनाची असते. तीत सोडियम आणि पारा यांचा पारदमेल गरजेपेक्षा अधिक भरलेला असतो. त्यामुळे बाष्पदाब हा नळीतील सर्वांत थंड जागेच्या तापमानावर अवलंबून राहतो. वापरासोबत इलेक्ट्रोडांवरील द्रव्य उडून नळीची टोके काळवंडतात. काळी टोके अधिक प्रारण शोषतात, त्यांचे तापमान वाढते, पारदमेलाचे अधिक बाष्प होते आणि दिवा-व्होल्टेज चढते. दुसरीकडे सोडियमचा काही अंश नळीच्या भिंतीशी आणि जोडावरील द्रव्याशी रासायनिक क्रिया होऊन खर्ची पडतो. परिणामी बाष्पातील पाऱ्याचे प्रमाण वाढते आणि व्होल्टेज आणखी चढते.

250 वॉटचा नवा सोडियम दिवा सुमारे 100 व्होल्ट आणि 3 अँपिअरवर चालतो. हजार तासांमागे त्याचे व्होल्टेज साधारणतः एक ते काही व्होल्टने वाढते. पथदिवा वर्षाकाठी सुमारे 4000 तास जळतो हे लक्षात घेता वर्षभरातील वाढ साध्या मापकावरही दिसण्याजोगी असते. शिवाय ही क्रिया स्वतःला पोसणारी आहे. व्होल्टेज चढले की आरंभीच्या काळात दिव्याची शक्ती वाढते. शक्ती वाढली की तापमान वाढते. तापमान वाढले की व्होल्टेज पुन्हा चढते.

या चढाला मर्यादा आहे. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक अर्धचक्रात शून्यावर येतो आणि त्या क्षणी विसर्जन पुन्हा पेटवावे लागते. 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे 325 व्होल्ट असते. दिव्याचे व्होल्टेज वाढत गेले की पुनःप्रज्वलनासाठी हाताशी असलेली शिल्लक कमी होत जाते आणि अखेर दिवा विझतो. थंड झाल्यावर बाष्पदाब उतरतो, इग्नायटर त्याला पुन्हा पेटवतो, काही मिनिटांत तो तापतो आणि पुन्हा विझतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणारी सोडियम दिव्याची उघडझाप ती हीच. दिवा जसजसा जुना होतो तसतसे दोन विझण्यांतील अंतर कमी होते. पुरवठ्यात क्षणिक घट झाली की प्रथम विझतात ते असेच चढलेल्या व्होल्टेजचे दिवे.

या साखळीतील प्रत्येक कडी ज्ञात आहे, क्रिया एकाच दिशेने जाते आणि अंतिम घटना मोजल्या जाणाऱ्या राशीतूनच उद्भवते. पूर्वसूचनेसाठी याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच आढळेल. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या 60662 क्रमांकाच्या मानकात सोडियम दिव्याच्या व्होल्टेज व शक्तीच्या मर्यादा चौकोनी आलेखाने बांधून दिल्या आहेत. दिवा त्या चौकोनाच्या उजव्या कडेकडे किती सरकला, हा प्रश्न त्यामुळे अर्थपूर्ण ठरतो.

मापनातील अडचणी

तत्त्व निर्दोष असले तरी मापन निर्दोष असतेच असे नाही. पहिली अडचण तरंगरूपाची आहे. दिवा-व्होल्टेजचा तरंग ज्यावक्रासारखा नसून जवळजवळ चौकोनी असतो आणि त्यावर पुनःप्रज्वलनाचे टोक उमटलेले असते. सरासरी मोजून वर्ग-माध्य-मूळ मूल्य दाखवणारे स्वस्त मापक येथे चुकीचा आकडा देते. दुसरी अडचण इग्नायटरची आहे. त्याचे स्पंद काही हजार व्होल्टचे असतात. दिवा पेटण्याआधीच मापक जोडले तर मापक जळण्याचा आणि मोजणाऱ्याच्या जिवाला धोका पोहोचण्याचा संभव असतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. सोडियम दिव्याचे व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजवरही अवलंबून असते. भारतीय विद्युत् नियम, 1956 यांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांचा चढउतार ग्राह्य मानला होता. 230 व्होल्टच्या बाबतीत ही व्याप्ती 216 ते 244 व्होल्ट अशी होते. संध्याकाळी भार अधिक असताना घेतलेले आणि मध्यरात्रीनंतर भार उतरल्यावर घेतलेले वाचन एकाच दिव्याचे असूनही भिन्न येईल. वर्षभराच्या वार्धक्याने होणारा फरक काही व्होल्टचा असताना पुरवठ्यामुळे होणारा फरकही त्याच पंक्तीत बसत असेल, तर पुरवठ्याची नोंद न करता घेतलेले वाचन निरुपयोगी ठरते. दिवाघराच्या रचनेचाही परिणाम होतो. परावर्तकाने उष्णता नळीकडे परतवली तर नव्या दिव्याचे व्होल्टेजही चढलेले दिसते. म्हणून सर्व दिव्यांना एकच उंबरठा लावण्यापेक्षा प्रत्येक दिव्याचे बसवतेवेळचे वाचन आधार मानून त्यापासूनची वाढ पाहणे अधिक शास्त्रीय आहे.

मर्यादा : एक खूण, अनेक रोग

सोडियम दिव्यावरून काढलेला निष्कर्ष सर्व विसर्जन दिव्यांना लावणे ही या विषयावरील लेखनात आढळणारी मुख्य त्रुटी आहे. पारा-बाष्प दिव्यात पारा मोजून भरलेला असतो आणि दिवा तापल्यावर तो सर्वच्या सर्व बाष्परूप होतो. त्यामुळे आयुष्यभर त्याचे व्होल्टेज जवळपास स्थिर राहते. 250 वॉटच्या दिव्यात ते सुमारे 130 व्होल्ट असते. प्रकाश मात्र घटत जातो. मापक समाधानकारक आकडा दाखवत राहते आणि खांबाखालचा रस्ता अंधुक होत जातो. अशा ठिकाणी चालू दिव्यांची गणती करून व्यवस्था सुस्थितीत असल्याचा निर्वाळा देणे ही नागरिकांची दिशाभूल ठरते. इलेक्ट्रोडावरील उत्सर्जक द्रव्य संपत आले की वाढते ते प्रज्वलनासाठी लागणारे व्होल्टेज; चालू दिव्याच्या व्होल्टेजमध्ये त्याची नोंद पुरेशी उमटत नाही.

मेटल हॅलाइड दिव्यात सोडियम घटून आयोडिन मुक्त झाले की पुनःप्रज्वलनाचे टोक उंचावते. वर्ग-माध्य-मूळ मूल्य फारसे न बदलताही दिवा विझू शकतो. येथे तरंगाची आकृती पाहावी लागते. शिवाय या दिव्याची क्वार्ट्झ-नळी आयुष्याच्या अखेरीस फुटण्याचा धोका असल्याने प्रश्न केवळ खर्चाचा उरत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

फ्लुओरेसेंट नळीत एका टोकाचे उत्सर्जक द्रव्य आधी संपते. त्या टोकाशी होणारी व्होल्टेजची घट एरवी दहा-बारा व्होल्टच्या आसपास असते, ती कित्येक पटींनी वाढते. प्रवाहाचे दोन अर्धभाग असमान होतात आणि एकदिश घटक निर्माण होतो. हे टोक इतके तापते की बारीक व्यासाच्या नळीची काच तडकू शकते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक बॅलास्टच्या मानकांत आयुष्याच्या अखेरीच्या असमान स्थितीच्या चाचण्या समाविष्ट झाल्या. तेथे एकूण व्होल्टेजपेक्षा त्याची असमानता पाहिली जाते.

प्रक्षेपकातील अति-उच्च-दाब पारा दिव्याचे उदाहरण महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांत परिचित आहे. त्यात इलेक्ट्रोडांमधील अंतर सुमारे एक मिलिमीटर असते आणि व्होल्टेज मुख्यतः त्या अंतरावर ठरते. टोके झिजली की ते वाढते. टोकांवर धातू साचला की ते उतरते. दिव्याचा चालक परिपथ हे व्होल्टेज वाचून प्रवाहाचा आकार बदलतो आणि टोके सावरतो. पडद्यावर मात्र वापरणाऱ्याला केवळ जळलेल्या तासांची गणती दिसते. दिव्याच्या खऱ्या अवस्थेची माहिती यंत्राजवळ असूनही ती माणसापर्यंत पोहोचत नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

काच फुटणे, जोडातून गळती होणे, होल्डरमधील संपर्क गंजणे असे आकस्मिक बिघाड कोणत्याही प्रकारच्या व्होल्टेज-निरीक्षणात आधी सापडतीलच असे नाही.

आजचे प्रयोजन

विसर्जन दिव्यांचे युग ओसरत आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार 2013 मध्ये स्वीकारला गेला आणि 2017 मध्ये अमलात आला. सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च-दाब पारा-बाष्प दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात थांबवण्यासाठी त्यात 2020 ही मुदत होती. भारतात 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने अनेक शहरांतील सोडियम दिव्यांची जागा एलईडीला दिली. मग या चिकित्सेचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की दिवे बदलले तरी प्रश्न बदललेला नाही. एलईडीच्या मालिकेतील एखादा दिवा लघुपरिपथित झाला तर व्होल्टेज उतरते आणि ते कळते; प्रकाश हळूहळू घटला तर व्होल्टेजवरून तो पुरेसा कळत नाही. दुरून नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा प्रत्येक खांबावरील विद्युत् राशी गोळा करतात आणि त्यांवरून दिवा ठीक असल्याचा अहवाल देतात. पारा-बाष्प दिव्याने दिलेला धडा तेथेही लागू आहे.

निष्कर्ष

उच्च-दाब सोडियम दिव्यासाठी व्होल्टेज-निरीक्षण ही समर्थनीय पद्धती आहे. मात्र त्यासाठी बसवतेवेळचे वाचन, पुरवठ्याच्या व्होल्टेजची नोंद, योग्य मापक आणि दिवा पूर्ण तापल्यानंतरचे मापन या चार अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. मेटल हॅलाइड दिव्यासाठी तरंगाची आकृती, फ्लुओरेसेंट नळीसाठी असमानता आणि पारा-बाष्प दिव्यासाठी प्रत्यक्ष प्रकाशाचे मापन ही योग्य साधने होत. व्होल्टेज ही दिव्याच्या आरोग्याची सर्वसाधारण खूण नसून एका विशिष्ट ऱ्हासक्रियेची खूण आहे. ऱ्हासाची क्रिया कोणती हे ठरवल्यानंतरच मोजायची राशी निवडली पाहिजे. हा क्रम उलटला की निरीक्षण सुरू राहते, आकडे जमा होतात आणि ज्या रस्त्यासाठी हे सर्व करायचे तो मात्र अंधारात राहतो.