‘शंभरातले ऐंशी रुपये थेट कामाला’: हे वाक्य कसं तपासायचं?



मागच्या महिन्यात एमएस्सीच्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, मानवी तस्करीविरुद्ध काम करणारी एक ख्रिस्ती संस्था आहे. महिन्याला पाचशे रुपये द्यावेत का? त्यांच्या पत्रकात लिहिलंय, शंभरातले ऐंशी रुपये थेट कामाला जातात."

मी लगेच टाइप केलं, "ऐंशी म्हणजे चांगलंच की!" आणि पाठवायच्या आधी थांबले. लॅबमध्ये कुणी येऊन "यील्ड ऐंशी टक्के आलं" म्हणालं, तर माझा पहिला प्रश्न असतो, "प्युरिटी बघितली का?" सॉल्व्हंट नीट उडाला नसेल तर त्याचंही वजन यील्डमध्ये धरलं जातं. मग इथे मी तो प्रश्न का विचारला नाही? विषय मुलींच्या सुटकेचा आहे, आणि अशा ठिकाणी प्रश्न विचारायला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून आजची पोस्ट. पेटच्या अभ्यासक्रमात हे नाहीये, पण एखादा दावा हातात आला की तो कुठून सोलायला सुरुवात करायची, हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

त्या छोट्या संस्थेचं नाव मी घेणार नाही. तपासणीसाठी दोन अशा संस्था घेते ज्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. एक आपल्या वाटेवरची. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड आणि पाटस मागे पडलं की केडगाव येतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुसरी इंटरनॅशनल जस्टिस मिशन, म्हणजे आयजेएम. गॅरी हॉगेन या अमेरिकन वकिलाने १९९७ मध्ये ती स्थापन केली आणि २००० च्या सुमारास तिने मुंबईत काम सुरू केलं. दोन्ही संस्था ख्रिस्ती आहेत. त्याला मी गुणही धरणार नाही आणि दोषही. तो धर्म संस्थेच्या ध्येयात नेमका कुठे बसतो, एवढं मात्र बघणार आहे.

पहिली तपासणी: पैसा

ऐंशी टक्के ‘कामाला’ म्हणजे काय? छाप्यासाठी लागणारी गाडी, वकिलाची फी, निवाऱ्यातला तांदूळ, हे सरळ आहे. पण देणगीदारांसाठी कार्यक्रम ठेवला आणि त्यात अर्धा तास तस्करीवर भाषण झालं, तर तो खर्च निधी उभारण्याचा की जनजागृतीचा? जनजागृतीत टाकला की तो ‘कामा’त मोजला जातो. अमेरिकेत संस्थांना फॉर्म ९९० मध्ये कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी असे तीन वेगळे रकाने भरावे लागतात. रकाने ठरलेले आहेत, पण कुठला खर्च कुठे टाकायचा, याला बरीच मोकळीक असते.

आपल्याकडे परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. म्हणजे आता ‘ऐंशी टक्के कामाला’ ही बढाई नाहीच, ती जवळजवळ कायद्याची अट आहे! शिवाय दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय धरला जात नाही. कुणाला कुठे बसवलं यावर टक्केवारी हलते.

उलट बाजूही बघा. तस्करीचा खटला वर्षानुवर्षं चालतो. साक्षीदार मुलीला प्रत्येक तारखेला सोबत लागते, समुपदेशक लागते, नोंदी नीट ठेवणारा माणूस लागतो. प्रशासनावर अगदीच कमी खर्च करणारी संस्था काटकसरी असेल, किंवा तिच्याकडे फाइली सांभाळायला कुणी नसेल. नुसत्या टक्केवारीवरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

मग हिशेब बघायचा कुठे? महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत न्यासाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखापरीक्षित हिशेब द्यावे लागतात. परदेशी पैशाचं वार्षिक विवरण एफसी-४ मध्ये असतं. ही विवरणं पूर्वी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता यायची. जुलै २०२२ मध्ये ती तिथून काढली गेली. त्यामुळे सोपा मार्ग एकच उरला, थेट संस्थेला विचारणं. उत्तर येतं का, किती दिवसांत येतं, कुठल्या स्वरात येतं, हाही डेटाच आहे. लिहून ठेवा.

आता केडगाव. रमाबाईंच्या कामाला पैसा पुरवायला डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं मदत करायचं तिने कबूल केलं होतं. इथे मला रमाबाईंचं व्यवहारज्ञान फार आवडतं. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न त्यांनी मुदत चालू असतानाच सोडवायला घेतला. केडगावची जमीन घेतली, ती शेती-बागेच्या उत्पन्नावर संस्था पुढे उभी राहावी म्हणून. आजच्या किती वार्षिक अहवालांत ‘ही ग्रँट संपली की काय?’ याचं उत्तर असतं? पुढचा अहवाल वाचाल तेव्हा हे जरूर शोधा.

पण या व्यवस्थेतली एक मेख बघा. समिती आणि देणगीदार बॉस्टनमध्ये, तर मुलींचे पालक पुण्यात. पैशाचा हिशेब पैसे देणाऱ्यांकडे जातो. ज्यांच्यासाठी तो खर्च होतो त्यांना हिशेब कोण देतं? ही फट आजही बुजलेली नाही.

दुसरी तपासणी: ध्येय

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शब्द असा दिला होता की इथे विधवा आणि निराधार मुलींना शिक्षण मिळेल आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती, ती या शब्दावरच.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली त्यात बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

शब्द मोडला का? रमाबाईंची बाजू अशी, की मी कुणाला बोलावलं नाही आणि कुणाला अडवलंही नाही. अक्षरशः बघितलं तर हे खरं आहे. पण ज्या मुलीचं जेवण, छप्पर आणि शाळा एकाच व्यक्तीच्या हातात आहे, तिच्यासाठी उघडं दार हे नुसतं उघडं दार राहत नाही. आपण लॅबमध्ये म्हणतो ना, गाइडने ‘जमलं तर ये’ म्हटलं की रविवारीही यावंच लागतं! त्यामुळे माझं मत असं: पालकांनी तो शब्द ज्या अर्थाने घेतला होता, त्या अर्थाने तो पाळला गेला नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी, की टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या मुलींसाठी दुसरं छप्पर उभं केलं होतं.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या छावण्या आणि गरीबगृहांतून मुली वाईट धंद्यासाठी पळवल्या जाताना त्यांनी पाहिल्या आणि जवळपास तीनशे जणींना घेऊन त्या परतल्या. केडगावचं मुक्ती उभं राहिलं ते असं. १८९९ मध्ये अशा धंद्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे कृपा सदन निघालं. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या टप्प्यावर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ते कुणाला पटो न पटो, ध्येय आणि काम एका ओळीत आलेलं होतं. मला तटस्थतेच्या करारापेक्षा हे अधिक प्रामाणिक वाटतं.

आजच्या संस्थेला हीच कसोटी लावा. सरकारी नोंदणीत एक उद्देश, देणगीदारांच्या पत्रात दुसरा, आणि निवाऱ्याच्या रोजच्या वेळापत्रकात तिसरा, असं तर नाही ना? तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. ख्रिस्तीच नाही, कुठल्याही धर्माच्या आणि निधर्मी संस्थेलाही हेच लागू आहे.

तिसरी तपासणी: परिणाम

आयजेएमचा सगळ्यात गाजलेला आकडा फिलिपिन्समधल्या सेबू शहराचा आहे. २००६ मध्ये गेट्स फाउंडेशनने ५० लाख डॉलर दिले. चार वर्षांनंतरचा निष्कर्ष असा, की देहव्यापारात अल्पवयीन मुलींची ‘उपलब्धता’ ७९ टक्क्यांनी घटली. मोजणी बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतली होती. आधी शाबासकी देऊ या. सुरुवातीला मोजलं, शेवटी मोजलं आणि पद्धत सांगितली, एवढं तरी किती संस्था करतात?

आता ‘उपलब्धता’ हा शब्द पकडा. तपासनीस ग्राहक बनून गेले आणि अल्पवयीन मुलगी मिळते का, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे मोजलं गेलं ते ग्राहकाला समोर दिसणारं. धंदा खाजगी खोल्यांत, फोनवर किंवा इंटरनेटवर सरकला, तर हा आकडा घटेल आणि शोषण मात्र चालू राहील. पुढे फिलिपिन्समध्ये आयजेएमचं स्वतःचं काम मुलांच्या ऑनलाइन शोषणाकडे वळलं. यावरून सेबूचा आकडा खोटा ठरत नाही. त्या आकड्यावरून ‘तस्करी ७९ टक्क्यांनी घटली’ असं म्हणता येत नाही, इतकंच. देणगीच्या पत्रकात हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी येतात.

आणि भाजक? ‘इतक्या जणींची सुटका’ या आकड्याखाली काय आहे? मे २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगरात रिस्टोर इंटरनॅशनल या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांचा छापा पडला. संस्थेच्या दृष्टीने ती अल्पवयीन मुलींची सुटका होती. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या ‘संग्राम’चं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांचं म्हणणं होतं की सज्ञान बायकांना मर्जीविरुद्ध उचललं. उलट ‘संग्राम’वरच सुटकेत अडथळा आणल्याचे आरोप झाले, ते त्यांनी फेटाळले. एकाच दिवसाची एकच घटना, पण एकाच्या वहीत ती ‘सुटका’ आणि दुसऱ्याच्या वहीत ‘धरपकड’.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली बाईला संरक्षणगृहात ठेवता येतं, आणि तो मुक्काम वर्षाच्या वर जाऊ शकतो. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात निर्देश दिले, की स्वखुशीने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक किंवा त्रास होऊ नये, आणि संरक्षणगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका किती, याची पाहणी करावी. अशी पाहणी करायला सांगावं लागलं, यातच आलं सगळं. पंधरा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांची बाई एकाच ‘सुटका’ रकान्यात टाकली, तर दुसरीला झालेलं नुकसान हे पहिलीच्या फायद्यात मिळवलं जातं. वजाबाकीच्या जागी बेरीज.

म्हणून माझा निकाल: आयजेएमसारख्या मोठ्या संस्थेचा पैसा बऱ्यापैकी उघडा आहे, ध्येय स्पष्ट आहे, पण दावा मोजमापापेक्षा रुंद आहे. मुक्तीत वीणकाम, छापखाना, शिक्षिकेचं प्रशिक्षण होतं, कारण ‘आणली, पुढे काय?’ हा प्रश्न तिथे रोज समोर उभा होता. आजच्या पत्रकांत तोच प्रश्न सगळ्यात लहान अक्षरांत असतो.

ज्युनिअरला मी उत्तराऐवजी तीन प्रश्न पाठवले: तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मिळतील का? निवाऱ्यात प्रार्थना ऐच्छिक आहे का, आणि जी येत नाही तिचं काय होतं? दोन वर्षांपूर्वी सुटका झालेल्यांपैकी आज किती जणी कुठे आहेत, आणि त्यांत सज्ञान किती होत्या?

तिने ते संस्थेला मेल केले. चौथ्या दिवशी हिशेबाची पीडीएफ आली. प्रार्थनेबद्दल दोन ओळी आल्या, ‘सगळ्यांसाठी खुली’. तिसऱ्या प्रश्नावर तिथल्या एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "न्यायालयाच्या आदेशाने मुली घरी जातात. त्यानंतर आमच्याकडे नोंद नाही. ठेवायला माणूसच नाहीये."

ज्युनिअरने पाचशे रुपये सुरू केले. तिचं म्हणणं, "खरं बोलल्या ना त्या. माणूस ठेवायलाच पैसे लागतात." मी देत नाहीये. सज्ञान बाई कुठे गेली, हे माहीत नसताना पुढच्या छाप्याला माझ्या फेलोशिपमधले पैसे जावेत, हे मला झेपत नाही. डेटा एकच आणि निर्णय दोन. आमचा वाद अजून कँटीनमध्ये चालू आहे आणि मला ती पूर्ण चुकलीये असं वाटत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: कुठल्याही संस्थेचा एक वार्षिक अहवाल घ्या. वहीत चार रकाने आखा: दावा काय, मोजलं काय, भाजक काय, कुणाला विचारलं नाही. पहिले दहा दावे भरा. चौथा रकाना भरताना जिथे अडाल, ते मला लिहून पाठवा. पुढच्या पोस्टमध्ये त्यातलेच दोन-तीन घेऊन बसू.