वैकुंठाच्या पुढे चार घरं

खेळांवर बोलणाऱ्या माणसाचं वर्ष कालनिर्णयच आखून देतं. संक्रांतीला सोसायटीचं हळदीकुंकू, मे महिन्यात मुलांचं शिबिर, आषाढीला ‘ज्ञानेश्वरांचा मोक्षपट’, श्रावणात मंगळागौर, कोजागरीला गच्चीवर ‘विस्मरणात गेलेले आपले खेळ’. मधल्या आठवड्यांत सेमिनार. गेली काही वर्षं मी नायगावहून लोकल पकडून या सगळ्याला जाते. स्लाइड्स त्याच असतात, फक्त जानेवारीत कोपऱ्यात पतंग येतो आणि ऑक्टोबरमध्ये चंद्र.

‘पारंपरिक खेळांवरचं व्याख्यान’ हा आता एक वाङ्मयप्रकारच झालाय, आणि त्याची कुणी समीक्षा केलेली माझ्या तरी वाचनात नाही. याची रचना ठरलेली असते. सुरुवातीला खंत, की मुलं मोबाइलमध्ये बुडाली. मग अभिमान, की सापशिडी मूळची आपली. मध्येच योहान हायझिंगा आणि त्याचं १९३८चं ‘होमो लुडेन्स’, म्हणजे आपण नुसते हौशी नाही हे कळावं. शेवटी आवाहन, मग फोटो. या तासाभरात एक गोष्ट कधीच होत नाही. कुणी खेळत नाही.

हे मला उशिरा कळलं, तेही फजिती होऊन.

नायगाव पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. मी ७२ घरांच्या वैष्णव पटाचं फ्लेक्स छापून भिंतीला लावलं होतं. दया, दंभ, सत्संग, मत्सर अशी घरांची नावं, साप, शिड्या. सातव्या मजल्यावरच्या आजी वाण घेऊन निघाल्या होत्या, त्या पटापाशी थांबल्या. म्हणाल्या, “वैकुंठ अडुसष्टला आहे. मग पुढची चार घरं कशाला गं?”

तीन वर्षं मी ती स्लाइड दाखवत होते. मला उत्तर माहीत नव्हतं.

फ्लेक्स काढून सतरंजीवर पसरलं, कुणाच्या तरी पोराच्या लुडोतला फासा आणला आणि बसलो. बऱ्याच वेळाने आजी सहासष्टला पोहोचल्या. दोन पडले असते तर वैकुंठ होतं. पडले सहा. म्हणजे थेट बहात्तर, तिथे तमोगुणाचा साप, आणि त्याचं शेपूट एक्कावन्नला, पृथ्वीवर. “अगंबाई, देवाच्या दारावरून पुढे गेले की मी!” सगळा हॉल हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा फासा मागितला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या आणि मग आपल्याकडे पुठ्ठ्यावर छापून परतलेल्या सापशिडीत शंभरावं घर शेवटचं असतं. तिथे पुढे जाणं म्हणजेच वर जाणं. या पटावर मात्र जास्त दान पडलं म्हणून माणूस बुडू शकतो. नेमकं कुठे थांबायचं हे खेळणाऱ्याच्या हातात नाही, फाशाच्या हातात आहे, आणि तरी पोचायचं आहेच. पटाचं तत्त्वज्ञान घरांच्या नावांत आहे असं मी सांगत आले होते. ते त्या चार जादा घरांच्या नियमात होतं, आणि नियम भिंतीवर टांगलेल्या चित्रात दिसत नाही.

आता ज्ञानेश्वरांबद्दल. मोक्षपट त्यांनी रचला अशी परंपरा आहे, आणि आषाढीला ती फॉरवर्ड होऊन तुमच्याही फोनवर येत असेल. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली या खेळावर पीएचडी केली. प्रबंधाच्या शीर्षकातच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला पश्चिम भारत आहे, कारण हाती लागणारे जुने पट बहुतेक त्याच काळातले. तेरावं शतक आणि हे पट यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे. मी ती व्याख्यानात झाकून नेत असे. एकदा सांगून पाहिली, तर पुढच्या वर्षी त्या मंडळाचं बोलावणं आलं नाही. सणाचा श्रोता उगमाची तारीख मागतो, ती मिळाली की खूश होतो, आणि खेळ घडी घालून कपाटात जातो. सेमिनारला या बाबतीत दाद द्यायला हवी. तिथे निदान ‘कशावरून?’ विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

पण सेमिनारचा कानही तसा जाडच. विटीदांडूची मोजणी घ्या: वकट, लेंड, मूंड, नाल. मराठी पोरं मैदानात ओरडत आली ते तेलुगू ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांच्या जवळचं आहे. पेपरात हे तळटीप म्हणून येतं, ‘रोचक’ असा शेरा मिळतो, आणि पुढचा वक्ता उभा राहतो. शब्द टिकले कशामुळे? मोजणीत कुणी लबाडी केली की भांडण व्हायचं आणि भांडायला ते आकडे लागायचे, यामुळे, असं मला वाटतं. आमच्या संग्रहांत खेळांचं साहित्य आहे, नियम आहेत. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातून काढलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ तर थोर कामच. भांडणं मात्र कुणी जपली नाहीत.

ती मला सकाळच्या विरार लोकलमध्ये सापडतात. नायगाव सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, पाणजू बेट बाजूला दिसू लागलं, की चौघीजणी एका फोनवर वाकून ‘लुडो किंग’ खेळतात. हा गेम नवी मुंबईच्या कंपनीचा, २०१६चा. लुडो पचिसीवरून इंग्लंडात बनला, हे त्यांना माहीत नसेल आणि नसलं तरी बिघडत नाही. “माझी सोंगटी का मारलीस, काल डबा कोणी दिला तुला?” हे वाक्य मी ऐकलं त्या दिवशी माझ्या बॅगेत ‘मोबाइलमुळे खेळसंस्कृतीचा ऱ्हास’ या विषयावरचा पेपर होता. हायझिंगाने खेळाभोवती जे वर्तुळ आखलं, त्यात कालचा डबा बसत नाही.

मंगळागौरीचं व्याख्यान मी सध्या बंद केलंय. बायका ठेक्यात फुगडी घालत असताना माइक धरून फुगडीचा अर्थ सांगणं फारच विचित्र वाटायला लागलं होतं.

पुढच्या महिन्यात एका सेमिनारला जायचंय. आयोजकांना कळवलं, की मला पोडियम नको, सतरंजी आणि दीड तास द्या, सगळ्यांना खाली बसावं लागेल. उत्तर आलं: वीस मिनिटं, प्रोजेक्टर उपलब्ध, पीपीटी दोन दिवस आधी पाठवावी. फ्लेक्स सध्या सातव्या मजल्यावर आहे. आजी अजून वैकुंठाला पोचलेल्या नाहीत.