'एम': गर्दीत आपण नेमके कुठे उभे असतो?

फ्रिट्झ लँगच्या 'एम' (1931) या जर्मन सिनेमात एक छोटासा सीन आहे. रस्त्यात एक लहान मुलगी चष्मा लावलेल्या, किरकोळ अंगाच्या एका म्हाताऱ्याला विचारते, किती वाजले? तो वेळ सांगतो आणि सहज विचारतो, तू राहतेस कुठे? झालं! एक धिप्पाड माणूस मध्ये पडतो. ती कुठे राहते याच्याशी याला काय करायचंय? माणसं जमतात, आणि मिनिटभरात तो म्हातारा 'खुनी' ठरतो.

हा सीन बघताना मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. 1 जुलै 2018 ला तिथे जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. 'एम'मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या जागी भिंतीवरची पोस्टरं आणि पेपरच्या जादा आवृत्त्या आहेत. बाकी फरक फारसा नाही.

गोष्ट सांगतो (1931 च्या सिनेमाला कसला आलाय स्पॉयलर!). शहरात कोणीतरी लहान मुलींचे खून करतोय. पोलीस रोज रात्री धाडी घालतात, त्यामुळे चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो. शेवटी तेच ठरवतात, याला आपणच पकडायचं. दोन्हीकडे मीटिंगा सुरू होतात आणि लँग त्या एकमेकींत अशा गुंफतो की, एकाने इकडे सुरू केलेला हातवारा दुसरा तिकडे पूर्ण करतो. धूरही तोच, वैतागही तोच.

लँगचा हा पहिला बोलपट. पण आवाज हातात आला म्हणून त्याने पात्रांना सतत बडबडायला लावलं नाही. एल्सीची आई तिला हाका मारते आणि पडद्यावर दिसतो रिकामा जिना, न वापरलेली ताटली, गवतात घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दिसत नाही, पण आपल्याला कळतं. पुढे खुनी सापडतो तोही शिट्टीवरून, आणि ती ओळखतो एक आंधळा फुगेवाला.

मग येतो शेवटचा 'खटला'. बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यात गुन्हेगारांनीच कोर्ट भरवलंय. अध्यक्षाच्या जागी बसलेल्या माणसालाच पोलीस तीन माणसं मारल्याबद्दल शोधताहेत! पीटर लॉरेचा बेकर्ट गुडघ्यांवर कोसळून ओरडतो, की हे माझ्या हातात नाही, माझ्या आत कोणीतरी मला पळवत असतं. खरं सांगू? मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. एल्सीची ताटली मी विसरलो नव्हतो. लँगला बहुधा हेच हवं असावं. त्याने आपल्यालाही त्या बाकांवर बसवलंय, आणि समोरचा माणूस यावेळी खरोखरच दोषी आहे. निरपराध म्हाताऱ्याच्या वेळी जमावाला नावं ठेवणं सोपं होतं.

अनेक समीक्षक 'एम'ला नाझी येण्याआधीचा इशारा म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कारण गोबेल्सने हाच सिनेमा बघून डायरीत खुशीत लिहिलं होतं, त्याला तो फाशीच्या शिक्षेच्या बाजूचा वाटला होता. पुढे 1940 च्या एका नाझी प्रचारपटात लॉरेच्या त्याच आक्रोशाचा तुकडा ज्यूंविरुद्ध वापरला गेला. लॉरे स्वतः ज्यू होता आणि 1933 मध्येच देश सोडून गेला होता.

आणि लेखिका? पटकथा लँग आणि त्याची बायको थेया फॉन हार्बू या दोघांची. 1933 मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी लँगने जर्मनी सोडली. हार्बू मागे राहिली, नाझी पक्षाची सदस्य झाली आणि त्या राजवटीत सिनेमे लिहीत राहिली. गंमत बघा, याच बाईने बेळगावकडच्या आयी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं होतं. बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना तिने मदतही केली. आपल्या लोकांशी ती चांगली वागली, म्हणून आपण मराठी माणसं तिचं नाव जरा कौतुकाने घेतो. पण हा चांगुलपणा आणि ते सदस्यत्व एकाच बाईचं होतं, हे विसरून कसं चालेल?

मला 'एम' यासाठीच महत्त्वाचा वाटतो. जमाव कसा बनतो हे इतकं नेमकं लिहिणारी व्यक्तीसुद्धा पुढे जमावात जाऊन उभी राहू शकते. समजलं म्हणून आपण वाचलो, असं होत नाही.

शेवटी खरं कोर्ट भरतं, न्यायाधीश येतात, पण निकाल आपल्याला ऐकू येत नाही. दिसतात फक्त काळ्या कपड्यांतल्या आया. त्यातली एक म्हणते, यानं आमची मुलं परत येणार नाहीत, मुलांवर लक्ष ठेवायला हवं. पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर 'सावध राहा, सगळ्यांना पाठवा' असा फोटो आला, की फॉरवर्ड करण्याआधी तो चष्मेवाला म्हातारा आठवा.