जांभळ्या रंगाची दिशाभूल : रक्तगोठणातील विकृती आणि त्वचेच्या ऊतिमृत्यूचे निदान

रोगाच्या नावाने निदानाला दिशा मिळावी, ही अपेक्षा ‘पर्प्युरा फुलमिनन्स’ या नावाच्या बाबतीत फोल ठरते. बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड हेनॉक यांनी १८८७ मध्ये या नावाने रोगवर्णन केले. लॅटिनमधील या शब्दांतून जांभळा रंग आणि विजेचा वेग एवढेच सूचित होते. कारणाविषयी नाव मौन पाळते. जांभळा डाग पाहून मन साहजिकच रक्तस्रावाकडे वळते. वस्तुतः येथे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजतात, त्यामुळे ऊती मरतात आणि रक्त बाहेर झिरपते ते त्यानंतर.

वॉर्फरिनजन्य ऊतिमृत्यूमध्ये हा पेच अधिक तीव्र होतो. गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषधच येथे गुठळीचे निमित्त ठरते. हे औषध ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असणाऱ्या सर्वच प्रथिनांची निर्मिती रोखते. त्यांपैकी गोठणाला आवर घालणाऱ्या ‘प्रथिन सी’चे अर्धायुष्य सुमारे आठ तासांचे, तर प्रोथ्रॉम्बिनचे सुमारे साठ तासांचे असते. परिणामी आवर आधी सुटतो. मोठ्या मात्रेने सुरुवात केल्यास, आणि हेपॅरिनचे संरक्षण नसल्यास, धोका वाढतो. औषध सुरू केल्यापासून साधारणतः तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्तन, मांड्या, नितंब अशा मेदयुक्त भागी तीव्र वेदना उद्भवते. मग लाली, रक्ताळलेले फोड आणि शेवटी काळी खपली. हा प्रकार विरळा, म्हणूनच तो जंतुसंसर्ग वा दाबव्रण समजला जाण्याचा संभव मोठा.

त्वचारोगांच्या अध्यापनात छायाचित्रांना मिळणारे प्राधान्य या ठिकाणी अपुरे पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. काळी खपली हेपॅरिनमुळेही येते. तेथे प्लेटलेटची घटती संख्या सूचक ठरते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात कॅल्सिफिलॅक्सिसचा विचार करावा लागतो. तेव्हा ‘कोणते औषध, कितव्या दिवशी, शरीराच्या कोणत्या भागी’ हे प्रश्न रंगापेक्षा अधिक बोलके आहेत.

प्रयोगशाळेवरील आंधळा विश्वासही तितकाच घातक. वॉर्फरिन चालू असताना ‘प्रथिन सी’ कमी आढळणारच. त्यावरून जन्मजात उणीव सिद्ध होत नाही. नवजात बालकात तर हे प्रथिन निसर्गतःच प्रौढांच्या मानाने बरेच कमी असते. त्यामुळे जन्मानंतर काही तासांतच डाग उमटलेल्या बालकाच्या बाबतीत ते जवळपास शून्य आहे काय, हे पाहावे लागते. माता आणि पिता या दोघांचीही तपासणी करावी लागते, कारण सदोष जनुकाची एकच प्रत बाळगणारे पालक बहुधा निरोगी दिसतात. मात्र अहवाल हाती येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. रक्ताचा नमुना घेऊन ताजा गोठवलेला प्लाझ्मा, अथवा उपलब्ध असल्यास ‘प्रथिन सी’चे संहत द्रव्य, त्याच वेळी सुरू करावे लागते.