‘हरम’ म्हणजे जनानखाना?

मराठीत ऑटोमन दरबाराबद्दल काहीही वाचायला घ्या, ‘हरम’ आला की कंसात ‘जनानखाना’ येतोच. सोयीचं आहे, पण या भाषांतराने अर्थ बिघडतो. जनानखान्यात फारसी ‘ज़न’, म्हणजे बाई आहे. हरम या शब्दात बाई कुठेच नाही.

हरम अरबी ह-र-म या धातूतला. मनाई हा त्याचा गाभा. कुणीही उठून शिरू शकत नाही ती जागा हरम. मक्का-मदिनेचा पवित्र परिसर हरमच. इस्लामी कायद्यात विहिरीभोवती राखून ठेवायच्या जमिनीला ‘हरीम’ म्हणतात. तिथे दुसऱ्याने विहीर खणायची नाही. मोहरम याच धातूतला, कारण तो लढाई निषिद्ध असलेल्या चार महिन्यांपैकी एक. आणि हो, आपला ‘हरामखोर’सुद्धा! पवित्र आणि त्याज्य एकाच धातूत कसे? आपल्याकडे ‘शिवू नकोस’ म्हणायचं कारण सोवळं असायचं, तसाच विटाळही. तसंच हे.

लेस्ली पिअर्स यांच्या ‘द इम्पीरियल हरेम’ (१९९३) या पुस्तकातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आतल्या ज्या चौकात फक्त पुरुष आणि राजसेवेसाठी घडवली जाणारी मुलं राहत, त्यालाही ‘शाही हरम’ म्हणत. का? तर तिथे खुद्द सुलतान असे. म्हणजे हरम ठरतो तो सत्तेच्या सान्निध्याने, बायकांमुळे नाही.

यात काय एवढं? फरक पडतो. जनानखाना म्हटलं की क्योसेम सुलतानसारख्या राजमातेचं राजकारण ‘आतल्या बायकांची कारस्थानं’ होऊन जातं. पण हरम हाच सत्तेचा सर्वांत आतला गाभारा असेल, तर तिथलं राजकारण ही लुडबुड कशी?

अर्थात व्युत्पत्तीवर फार भारही टाकू नये. शब्द पवित्र म्हणून तिथलं जगणं पवित्र होत नाही. हरममधल्या बहुतेक स्त्रिया गुलाम म्हणून आणलेल्या होत्या. मनाई बाहेरच्याला आत यायची होती, तशी आतलीला बाहेर पडायचीही. पिअर्स यांचा युक्तिवाद घेताना हे विसरलो, तर जुना विलासी हरम पुसून आपण नवा, फारच सोज्वळ हरम रंगवू.

म्हणून भाषांतरकारांना एवढीच विनंती: हरमला हरमच राहू द्या, आणि कंसात ‘प्रवेश निषिद्ध’ लिहा. ते जास्त खरं आहे.