व्याख्यानपीठ आणि रंगपीठ : महाविद्यालयीन परिसरातील श्रोत्याचा प्रश्न
(विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

बीजशब्द : व्याख्यानमाला, एकांकिका, बहिःशाल शिक्षण, निरूपण, श्रोता, मूल्यमापन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या परिसरात व्याख्यान आणि नाट्यप्रयोग हे दोन व्यवहार वर्षानुवर्षे शेजारी नांदत आले आहेत. बहुतेक ठिकाणी सभागृह एकच, ध्वनिक्षेपक एकच आणि समोर बसणारे विद्यार्थीही तेच असतात. तरीही या दोहोंची नोंद वेगवेगळ्या फायलींत होते. व्याख्यान हा 'शैक्षणिक उपक्रम' ठरतो, तर एकांकिका हा 'सांस्कृतिक कार्यक्रम'. एकाला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळते, दुसरीला करंडक. दोन्ही प्रसंगी समोर बसलेल्या श्रोत्याला काय उमगले, त्याला काय खटकले, याची नोंद मात्र कोणत्याही फायलीत सापडत नाही.

प्रस्तुत लेखात या विभागणीची समीक्षा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. व्याख्यान आणि प्रयोग यांना जोडणारा दुवा श्रोता हा होय. त्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार क्षीण झाल्यामुळे दोन्ही व्यवहार औपचारिक बनत चालले आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परंपरेतील निरूपण आणि प्रयोग :

मराठी परंपरेला ही विभागणी मुळात अपरिचित आहे. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. परंपरेनुसार ज्ञानदेवांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. म्हणजेच मराठीतील हा थोर तत्त्वग्रंथ आपल्या मूळ स्वरूपात श्रोत्यांसमोर केलेले निरूपण आहे. ग्रंथभर वक्ता श्रोत्यांना संबोधतो, त्यांचे अवधान मागतो, त्यांची अधीरता ओळखून विवेचनाचा ओघ बदलतो. श्रोत्याची उपस्थिती ग्रंथाच्या रचनेतच विणली गेलेली आहे.

नारदीय कीर्तनाची घडणही हेच सांगते. पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण आणि उत्तररंगात त्याच्या पुष्ट्यर्थ आख्यान, अशी त्याची मांडणी असते. एकच व्यक्ती भाष्यकार, गायक आणि नट होते. विचार आणि अभिनय यांपैकी एक बाजू लंगडी पडली की कीर्तन रंगत नाही, आणि ते रंगले की नाही याचा निवाडा समोरची मंडळी तेथल्या तेथे करतात. आधुनिक शिक्षणसंस्थेने पूर्वरंग व्याख्यानाकडे सोपविला, उत्तररंग स्नेहसंमेलनाकडे दिला आणि निवाडा करणाऱ्या मंडळींना प्रेक्षागृहात शांत बसविले.

व्याख्यानपीठाची वाटचाल :

न्यायमूर्ती म. गो. रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने महाराष्ट्रात सार्वजनिक व्याख्यानाचा पाया घातला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव विद्यापीठाच्या ग्रंथालयाप्रमाणेच बहिःशाल शिक्षण मंडळाच्या व्याख्यानमालेलाही देण्यात आले. डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमालेमुळे तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही बाहेरचे वक्ते पोहोचले. 'बहिःशाल' या शब्दात शाळेच्या भिंतीबाहेरच्या माणसापर्यंत ज्ञान नेण्याचा आशय आहे. ज्या गावात ग्रंथालयही दुर्मीळ होते, तेथे अशा व्याख्यानाचे मोल मोठे होते.

तथापि, कालांतराने कार्यक्रमाचा साचा आशयावर मात करू लागला. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन या क्रमात वक्त्याला उरलेला वेळ मिळतो आणि श्रोत्याचा प्रश्न 'वेळेअभावी' गळतो. गुणवत्ता मूल्यांकनासाठी अहवाल, छायाचित्रे आणि उपस्थितीपत्रक जपले जाते, परंतु व्याख्यानाने कोणता वाद उपस्थित केला, याची ओळही अहवालात नसते. गावकऱ्यांसाठी योजलेल्या बहिःशाल व्याख्यानाला वर्गातून आणून बसविलेले विद्यार्थीच तेवढे हजर असतील, तर त्या नावातील आशयच नाहीसा होतो.

रंगपीठ : दोन उदाहरणे

या पार्श्वभूमीवर मधुकर तोरडमल (१९३२–२०१७) यांचे उदाहरण बोलके आहे. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयात ते इंग्रजीचे अध्यापन करीत होते. पुढे ते पूर्णवेळ व्यावसायिक रंगभूमीकडे वळले. त्यांच्या 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' या नाटकाचा विषय महाविद्यालयीन जीवन हाच आहे आणि त्यातील प्रा. बारटक्के ही भूमिका त्यांनी स्वतः अजरामर केली.

बारटक्के यांना ऐन वेळी शब्द सापडत नाही. त्या जागी ते 'ह'च्या बाराखडीतील अक्षर योजतात आणि रिकाम्या जागी प्रेक्षक आपापला शब्द भरतात. हा प्रकार केवळ द्वयर्थी विनोदाच्या खात्यात टाकणे सोपे आहे, आणि त्या विनोदाला चावटपणाचा रंग आहे हेही नाकारता येत नाही. मात्र एका प्राध्यापकाने लिहिलेला आणि रंगविलेला हा प्राध्यापक शब्दांवरच उपजीविका करतो आणि नेमका शब्दालाच मुकतो, ही विसंगती अधिक अर्थपूर्ण आहे. वर्गात अध्यापक सर्व शब्द पुरवितो आणि विद्यार्थी उतरवून घेतो. तोरडमलांच्या रंगमंचावर शब्द अपुरा राहतो आणि तो पूर्ण करण्याचे काम श्रोत्याकडे येते. प्रेक्षकाच्या सहभागावाचून या भूमिकेतील एकही वाक्य पूर्ण होत नाही. व्याख्यानपीठाला न साधलेली गोष्ट या नाटकाने हसत हसत साधली आहे.

दुसरे उदाहरण नागराज मंजुळे यांचे आहे. पुणे विद्यापीठातून मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या काळात घडलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाने त्यांना ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार मिळवून दिला. चोरीच्या वाटेला लावला जाणारा, पण शाळेची ओढ असलेला मुलगा हा या लघुपटाचा विषय आहे. शिक्षणसंस्थेच्या आत बसून केलेली ही कृती त्या संस्थेच्या दाराबाहेर राहिलेल्या मुलाविषयी बोलते. बहिःशाल शिक्षणाचा मूळ हेतू येथे कलेच्या मार्गाने पूर्ण होताना दिसतो. अभ्यासक्रम आणि आविष्कार एकत्र आले, तर विद्यार्थ्याची कृती परीक्षेच्या पलीकडे जाऊ शकते, याचा हा सबळ पुरावा होय.

निवाडा कोणी करावा ?

प्रयोगाचा निवाडा हा यापुढचा प्रश्न आहे. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. त्यावर रंगकर्मींमध्ये मतभेद झाले. निर्णय योग्य की अयोग्य, यापेक्षा त्यानंतर झालेली चर्चा महत्त्वाची ठरते. एकांकिकेचे निकष कोणते, तंत्राच्या झगमगाटात संहिता दुबळी होते काय, हे प्रश्न त्या निमित्ताने जाहीरपणे विचारले गेले. एरवी निकाल जाहीर होतो, जल्लोष होतो आणि संहिता कपाटात जाते. ज्या महाविद्यालयाने ती एकांकिका केली, त्याच्या मराठी विभागात तिच्यावर तासभर चर्चा झाली, असे क्वचितच घडते.

समीक्षेची जागा रिकामी राहिली की ती अन्य गोष्टी व्यापतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग सुरू होता. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागील वर्तनावर तो बेतलेला होता आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा भाग होता. धार्मिक भावना दुखावल्याच्या आक्षेपावरून एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो बंद पाडला. पुढे केंद्राचे प्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. नंतर त्यांना जामीन मिळाला. प्रयोग आवडणे वा न आवडणे, त्यावर आक्षेप घेणे हा प्रेक्षकाचा अधिकारच आहे. परंतु प्रयोग पूर्ण पाहून त्यावर प्रश्न विचारणे आणि प्रयोगच थांबविणे या दोन भिन्न कृती होत. परीक्षेची उत्तरपत्रिका अर्ध्यावर हिसकावून घेतली जात नाही. प्रयोग हीदेखील उत्तरपत्रिका आहे, ही जाणीव मात्र विद्यापीठाच्या परिसरातच रुजलेली नव्हती. ज्या परिसरात प्रयोगानंतर बोलण्याची सवय नसते, तेथे आक्षेपाला चर्चेचे रूप मिळणे कठीण जाते.

मूल्यमापनाचे नवे दायित्व :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक देण्यात आले असून त्यांत सांस्कृतिक उपक्रमांचाही समावेश आहे. त्यामुळे आजवर 'सांस्कृतिक' म्हणून बाजूला ठेवलेली कृती आता गुणपत्रिकेत येते आणि तिचे मूल्यमापन अध्यापकाला करावे लागते. हे मूल्यमापन उपस्थिती आणि प्रमाणपत्र यांवर भागविले गेले, तर व्याख्यानमालेचे झाले तेच प्रयोगाचेही होईल.

हे टाळण्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक व्याख्यानाच्या वेळेतील निश्चित वाटा प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा आणि विचारलेले प्रश्न अहवालात नोंदवावेत. प्रत्येक एकांकिकेनंतर संहिता, दिग्दर्शन आणि आशय यांवर भाषा व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांसह खुली चर्चा घ्यावी. श्रेयांकासाठी विद्यार्थ्याने केलेल्या वा पाहिलेल्या प्रयोगावर लेखी टिपण द्यावे. महाविद्यालयांनी एकांकिकांच्या संहिता ग्रंथालयात जतन कराव्यात, म्हणजे पुढील पिढीला त्यांचा अभ्यास करता येईल.

समारोप :

नेवाशाच्या निरूपणापासून तोरडमलांच्या नाटकापर्यंत या जिल्ह्याने वक्ता आणि नट या दोघांनाही श्रोत्याच्या जोरावर मोठे होताना पाहिले आहे. महाविद्यालयीन परिसराने व्याख्यानातून श्रोत्याचा प्रश्न वगळला आणि प्रयोगातून प्रेक्षकाची समीक्षा वगळली. त्यामुळे एकीकडे निमूट उपस्थिती, तर दुसरीकडे क्षणिक जल्लोष किंवा अकस्मात उद्रेक एवढेच हाती राहिले. श्रेयांकांच्या निमित्ताने दोन्ही फायली एकाच टेबलावर आल्या आहेत. त्यांत गुणांच्या रकान्याबरोबर प्रश्नांचा रकाना असावा की नाही, हे ठरविणे शासननिर्णयापेक्षा अध्यापकांच्याच हाती अधिक आहे.