भीक, वर्गणी आणि ऋण

वृत्तपत्र कोणाच्या पैशावर चालते, हा प्रश्न आपल्या समीक्षेत फारसा विचारला जात नाही. आशय, भाषा, बांधिलकी यांवर पाने भरतात. कागदाचे बिल कोणी भरले ते कोणी विचारीत नाही. आपल्याला हे विसरून चालणार नाही. मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली छापला तो 'ज्ञानोदया'ने, आणि 'ज्ञानोदय' 1842 पासून उभा होता तो अमेरिकन मिशनच्या बळावर. जोतीरावांच्या शाळेतल्या मांगाच्या मुलीला जागा मिळाली ती मिशनच्या कागदावर. हे श्रेय मिशनला द्यावेच लागते. पण ज्याचा कागद त्याचाच शेवटचा शब्द, हेही तितकेच खरे.

मग धर्माचे नाव लावणारे पत्र धर्मसंस्थेच्या तिजोरीवाचून, वाचकांच्या देणग्यांवर चालू शकते काय? न्यूयॉर्कच्या 'कॅथलिक वर्कर'ने ते चालवून दाखवले. समाजवादी पत्रांत काम केलेली डोरोथी डे 1927 साली कॅथलिक झाली आणि 1 मे 1933 रोजी, पीटर मॉरिन यांच्या साथीने, तिने हे पत्र काढले. कामगार दिनाच्या गर्दीत, युनियन स्क्वेअरवर. प्रती 2,500, छपाईचा खर्च 57 डॉलर, अंकाची किंमत एक सेंट. खर्चाची तोंडमिळवणी कशी, तर गॅस-विजेची बिले थकवून, लेखनाचे आलेले पैसे घालून आणि एका सिस्टरने, तिलाच कोणी दिलेला एक डॉलर, आणून दिला म्हणून! एका सेंटात टपालही भागत नाही. म्हणजे किंमत ही नुसती खूण. खरा आधार वर्षातून दोनदा छापल्या जाणाऱ्या आवाहनाचा. डोरोथी डे त्याला उघडपणे भीक म्हणत असे.

या भिकेने तिला काय दिले? 1951 साली न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताने कळवले की, नाव बदला नाहीतर पत्र बंद करा. तिने नम्रपणे नकार दिला, आणि नाव राहिले. बिशपच्या हाती अनुदान असते तर तो नकार देता आला असता काय? धर्मादाय संस्था म्हणून सरकारदरबारी नोंद करायलाही ती तयार नव्हती; 1972 साली करखात्याने जवळजवळ तीन लाख डॉलर मागितले आणि पुढे ती मागणी सोडून दिली. 1960 मध्ये न्यूयॉर्क शहराने जागेच्या मोबदल्यावर दिलेले साडेतीन हजारांवर व्याज तिने परत पाठवले, कारण व्याज खाणे तिला मान्य नव्हते. (आपल्याकडे देणगी परत करणारा संपादक मी तरी पाहिलेला नाही.)

वाचकाचा पैसा निरुपद्रवी असतो असे मात्र कोणी समजू नये. 1930 च्या दशकात या पत्राचा खप दीड लाखाच्या पुढे गेला. स्पेनच्या यादवीत तिने फ्रँकोची बाजू घेतली नाही, दुसऱ्या महायुद्धातही ती युद्धविरोधी राहिली, आणि खप कोसळला. वाचक हाही मालकच. फरक इतकाच की तो हजारोंच्या संख्येत विखुरलेला असतो, म्हणून एका फटक्यात पत्र मारू शकत नाही.

इथपर्यंत मी तिच्या बाजूचा आहे. माझा मतभेद तिच्या 'भीक' या शब्दाशी आहे. तिने दारिद्र्य व्रत म्हणून घेतले. व्रत घ्यायला आधी सोडण्यासारखे काहीतरी हाती असावे लागते. माझी आजी लहानपणी पाळीची भाकर मागायला गावात जात असे. दारात उभे राहून हाक द्यायची आणि वरून टाकलेले पदरात झेलायचे. तो शब्द संन्याशाच्या तोंडी शोभतो, येसकराच्या नातवाच्या तोंडी नाही. 'वर्कर'च्या आश्रयगृहात सुपाच्या रांगेत उभी राहणारी माणसे अंकांच्या घड्या घालीत, पत्ते चिकटवीत. लेखणी मात्र बहुतांशी शिकलेल्यांच्याच हाती राहिली. 1935 सालच्या मुखपृष्ठावरच्या चित्रात ख्रिस्ताने एका काळ्या आणि एका गोऱ्या कामगाराच्या खांद्यावर हात ठेवलेला दिसतो. चित्र चांगले आहे. पण घेणारा आणि देणारा यांतली रेघ आवाहनाच्या भाषेत शिल्लकच राहते.

आता आपल्याकडे पाहा. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले, शिळे तुकडे मागणे सोडा. पंधरा दिवसांत, 3 एप्रिलला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. 'मूकनायका'ला 1920 साली शाहू महाराजांचे अडीच हजार मिळाले होते. इथे भिस्त होती ती गिरणीत राबणाऱ्या, वाचता येणाऱ्या थोड्यांवर आणि न येणाऱ्या पुष्कळांवर. तुकडे मागू नका म्हणणारा माणूस पैसे कोणत्या तोंडाने मागणार? 1928 सालच्या त्यांच्या अग्रलेखाचे शीर्षकच पाहावे: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' भीक नाही, दानही नाही, ऋण. पत्राने समाजासाठी जे केले त्याचे देणे समाजाच्या माथी आहे, आणि ते फेडायचे आहे. ऋण फेडणारा माणूस मान ताठ ठेवून देतो. मागणाऱ्यालाही हात पसरावा लागत नाही.

नोव्हेंबर 1929 मध्ये पत्र बंद पडले हे मला ठाऊक आहे. शब्द बरोबर असला म्हणून बिल भागत नाही. पण आपल्या नियतकालिकांतली अलीकडची आवाहने वाचताना 'उदार आश्रय', 'दानशूर वाचक', 'कृपादृष्टी' असे शब्द भेटतात तेव्हा मी थबकतो. हे शब्द कोणाच्या दारातून आले? त्यापेक्षा अंकाच्या शेवटच्या पानावर कागद, छपाई आणि टपाल यांचा रोकडा हिशोब छापावा, आणि खाली किती देणे उरले तो आकडा लिहावा.